‘वेट लीज’मध्ये डिझेल येत नाही : शांतिसेनेच्या रसदीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तुकडी पाठवणाऱ्या देशाला सामानापोटी आणि जवानांपोटी भरपाई कशी मिळते, यावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप तीन आहेत. एक, ‘वेट लीज’ म्हणजे इंधनासकट दिलेली गाडी, आणि लेखात तसं कुठेच म्हटलेलं नाही. दोन, ‘सेल्फ-सस्टेनमेंट’ म्हणजे तुकडीनं आपलं जेवणखाण आपणच बघायचं, मग संयुक्त राष्ट्रं शिधा देतात असं कसं लिहिलं? तीन, जवान जिवावर उदार होऊन उभे असताना किती टक्के गाड्या चालू आहेत हा हिशेब कशाला?

आधी वेट लीज. तो डिझेलवरून ठरत नाही, दुरुस्तीवरून ठरतो. ट्रक, जनरेटर, चिलखती गाड्या हे मोठं सामान सैन्य पाठवणाऱ्या देशाच्याच मालकीचं असतं. ते चालू ठेवण्याची जबाबदारी, म्हणजे सुटे भाग, मेकॅनिक आणि सोबतचं किरकोळ साहित्य, त्या देशानं घेतली तर वेट लीज, आणि भरपाईचा दर वरचा. ती मिशननं, म्हणजे त्या ठिकाणच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेनं, घेतली तर ड्राय लीज, आणि दर कमी. डिझेल, पाणी आणि शिधा सर्वसाधारणपणे मिशनच पुरवतं, लीज कुठलीही असो.

वेट लीजवर सही केली की खरी परीक्षा सुट्या भागांची. तुकडी नेण्या-आणण्याचा खर्च संयुक्त राष्ट्रं करतात, पण मधल्या काळात लागणारा क्लच किंवा इंजेक्टर पंप पाठवणं देशाच्या गळ्यात. दक्षिण सुदानचं उदाहरण घ्या. माल केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतो, युगांडा ओलांडून निमुलेच्या सीमेवरून राजधानी जुबाला येतो. या अंतरापोटी देखभालीच्या दरावर वाढ मिळते : पहिले 800 किमी सोडून पुढच्या प्रत्येक पूर्ण 800 किमीला 0.25 टक्के. एकूण मार्ग 6,000 किमी धरला तर ही वाढ दीड टक्का भरते. एवढ्यात भागवायचं असेल तर तातडीनं विमानानं सामान मागवण्याची वेळ येऊ न देणं हाच उपाय. कंटेनर अडकतो तो बहुतेक वेळा कागदांमुळे : करमाफीची कागदपत्रं मिशनमार्फत वेळेत झालेली नसतात, किंवा पॅकिंग लिस्ट आणि आतला माल जुळत नाही. त्यात पावसाळा. बोर, मलाकाल या भागातली माती विदर्भातल्या वाचकांना ओळखीची वाटेल अशी काळी, चिकट. मे ते ऑक्टोबर रस्ते बंदच धरायचे. मलाकालला जड माल व्हाइट नाईल नदीवरून बार्जनं, म्हणजे सपाट मालवाहू बोटीनं, न्यावा लागतो. म्हणून पावसाळ्यात लागणारे फिल्टर, टायर, बॅटऱ्या एप्रिलपर्यंत तळावर पोचलेल्या हव्यात.

सेल्फ-सस्टेनमेंटचं उत्तर छोटं आहे. त्यातल्या ‘केटरिंग’मध्ये धान्य येत नाही, स्वयंपाकघर येतं : शेगड्या, भांडी, कोरडी कोठी, 14 दिवसांच्या मालाचा डीप फ्रीज आणि 7 दिवसांचा कोल्ड स्टोअर. शिधा मिशनचा, तो शिजवण्याची आणि टिकवण्याची सोय तुकडीची. कपडे धुणं, तंबू, साफसफाई, रेडिओ संपर्क हेही याच सदरात येतं, आणि भरपाई मिळते ती देश आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यातल्या करारातल्या मर्यादेत, प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसांच्या संख्येवर.

आता तिसरा आक्षेप. तो मला सगळ्यात जास्त खटकला. तपासणी पथक तळावर येतं ते करार हातात घेऊन. तुकडी पोचल्यावर महिन्याभरात पहिली तपासणी, मग नियमित फेऱ्या, आणि निदान सहा महिन्यांतून एकदा सज्जतेची तपासणी. गाडी सुरू करून बघतात. रेडिओ, टायर, जॅक, हत्यारं तपासतात. नेहमीच्या कामाला 24 तासांहून जास्त वेळ न आलेली गाडी बंद धरली जाते.

एका प्रकारातल्या 90 टक्के गाड्या चालू असतील तर पूर्ण भरपाई. म्हणजे करारात 12 ट्रक आणि 11 चालू, तर 12 चे पैसे. 10 चालू, तर 83 टक्के, आणि पैसे 10 चेच. ही सवलत मोठ्या संख्येलाच उपयोगी पडते. रुग्णवाहिका चारच असतील तर एक बंद पडताच आकडा 75 वर येतो. म्हणून करार करतानाच जादा गाड्यांचा विचार करायचा. ठरलेल्या संख्येच्या 10 टक्क्यांपर्यंत जादा वाहनं नेता येतात. त्यांच्या वाहतुकीचा आणि रंगकामाचा खर्च संयुक्त राष्ट्रं देतात, लीजचे पैसे मात्र मिळत नाहीत. तरी ती न्यावीत असं माझं ठाम मत आहे, कारण बंद गाडीच्या जागी लगेच उभं करायला काहीतरी असतं. तीन चिलखती गाड्या लागणारी गस्त दोन गाड्यांवर निघू शकत नाही. मग ज्या गावासाठी ती गस्त ठरली होती, तिथे त्या दिवशी कुणीच पोचत नाही.

जवान आणि हा हिशेब नियमांतच एकमेकांना बांधलेले आहेत. प्रत्येक जवानामागे सरकारला दरमहा ठरावीक रक्कम मिळते. जुलै 2022 पासून 1,448 डॉलर हा दर लागू झाला. 2013 मध्ये महासभेनं ठरवलं की करारातलं मोठं सामान सलग दोन तपासणी अहवालांत गैरहजर किंवा नादुरुस्त दिसलं, तर या रकमेतूनही कपात करायची. रेडिएटर वेळेवर आला नाही, तर गाडीबरोबर तुकडीतल्या जवानांच्या नावचे पैसेही कापले जाऊ शकतात.