पॉइंट्स माझे, मग हा सरचार्ज कसला?

चार वर्षं किराणा, विजेचं बिल, पोराची फी, सगळं एका कार्डावर भरत पॉइंट्स साठवले. आईचे गुडघे गेलेत. मुंबई ते लंडन दहा तास पाय दुमडून बसणं तिला झेपत नाही; ताईकडे एकदा तरी आडवं पडून जाऊ दे तिला, एवढंच मनात होतं. काल बिझनेसची सीट दिसली. पॉइंट्सही पुरत होते. पुढच्या पानावर 'कर व शुल्क': ४१,००० रुपये. आणि हे फक्त जाण्याचे!

तपशील उघडला. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क त्यात थोडंसंच. बाकी सगळी रक्कम 'वायआर' या दोन अक्षरांसमोर. तिकिटावर त्याला वायक्यू म्हणा, वायआर म्हणा, हा कर नाहीच मुळी! विमान कंपनीने स्वतः लावलेला आकार, म्हणजे सरचार्ज आहे तो. मग त्याला करांच्या पंगतीत का बसवता? भाडं आहे, तर भाडं म्हणा.

हे अटळ आहे असंही नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या पॉइंट्स योजनेने २०२० मध्ये पॉइंट्सच्या तिकिटांवरून हा आकार काढून टाकला. अमेरिकेची युनायटेड एअरलाइन्सही घेत नाही. लंडनहून परतताना ब्रिटनचा प्रवासी कर लागतो, वरच्या वर्गाला जास्तच. पण तो सरकारचा खरा कर आहे, तो मी मुकाट्याने भरीन.

नशीब, पॉइंट्स अजून बँकेतच आहेत, विमान कंपनीकडे वळवले नव्हते. आईला मात्र अजून काही सांगितलेलं नाही.