सोलकढी प्यायल्याने दुखण्याच्या गोळीचा धोका टळत नाही

भातलावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘अंगदुखीची गोळी भरल्या पोटी घ्या, वर सोलकढी प्या. इंजेक्शन त्याहून बरं, ते पोटात जातच नाही. आणि त्रास होणार असेल तर पोट दुखून आधी कळतंच.’ यातलं एकही वाक्य भरवशाचं नाही.

‘भरल्या पोटी.’ जेवून घेतल्याने मळमळ, जळजळ कमी होते; अल्सर, म्हणजे जठराच्या अस्तराला पडणारी जखम, टळत नाही. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही अंगदुखीची औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीरात सूज आणि वेदना आणणारं रसायन, बनूच देत नाहीत. सूज त्यानेच उतरते. पण जठराच्या आतला चिकट थर आणि तिथला रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनवरच टिकून असतो. थर विरळ झाला की जठरातलं आम्ल थेट अस्तराला चरतं. औषध हे काम रक्तातून करतं, म्हणून इंजेक्शननेही सुटका नाही.

‘सोलकढी.’ कोकम स्वतःच आंबट. जेवणात खुशाल प्या, औषध म्हणून नको. अँटासिडनेही फक्त जळजळ दबते. गोळी घ्यावीच लागणार असेल तर डॉक्टरांना विचारून जठरातलं आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल 20 मिलिग्रॅम किंवा पँटोप्राझोल 40, न्याहारीच्या अर्धा तास आधी, रोज. त्यानेही लहान आतडं वाचत नाही.

‘आधी कळतंच.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदा पोट दुखतच नाही, पहिली खूण रक्तस्रावाचीच असते: डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, कॉफीच्या गाळासारखी उलटी, उठताना घेरी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नसते. गोळी काही रुपयांची. रक्तस्राव झाला की एंडोस्कोपी, रक्ताच्या पिशव्या, आणि सावंतवाडी-कुडाळहून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला धाव.

पासष्टीपुढचे, पूर्वी अल्सर झालेले, हृदयासाठी ॲस्पिरिन 75 किंवा रक्त पातळ करणारं औषध घेणारे, स्टिरॉइड चालू असलेले: यांनी ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणूच नये. पाकिटाच्या मागचं नाव वाचा. दोन वेगवेगळ्या ब्रँडांत तेच औषध निघतं आणि डोस नकळत दुप्पट होतो.

कंबर धरली तर आधी पॅरासिटामॉल 500, दोन डोसांत सहा तास सोडून. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर विचारूनच. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावा, रक्तात फार कमी उतरतं. पावसाळ्यात अंगदुखीसोबत ताप असेल तर मात्र सूज उतरवणारी कुठलीच गोळी नको: डेंग्यूत रक्तस्राव वाढतो, लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापात) मूत्रपिंडांवर आणखी घाला पडतो. आधी रक्त तपासून घ्या.