देवनिंदेची केस नेमकी कुणावर पडते?

बायबलातला लेवीय २४ (देवनिंदेच्या शिक्षेचा अध्याय) ग्रुपवर टाकणारे ढिगाने आहेत, १ राजे २१ (खोट्या देवनिंदेच्या आरोपाखाली मारलेल्या नाबोथाची गोष्ट) टाकणारा मला अजून एकही भेटलेला नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या ओपनिंगला ते लांब टेबल आणि त्यामागे ओळीने उभे राहिलेले कलाकार, आठवतंय ना, प्रभूभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाच्या, प्रसिद्ध चित्राची टिंगल केली म्हणून जगभर राडा झाला, डायरेक्टर म्हणाला माझ्या डोक्यात ते चित्र नव्हतंच, आयोजकांनी माफी पण मागितली, तरी आपल्या मराठी ख्रिस्ती ग्रुपांवर लेवीय २४:१६ फिरतच होतं, देवाच्या नामाची निंदा करणाऱ्याला जिवे मारावं वगैरे. खाली आमेन, आमेन. आमेन म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी तो अध्याय वरून खालपर्यंत वाचलाय देव जाणे.

मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकतो. देवनिंदेच्या आरोपाखाली बायबलात कुणाकुणाला दगड मारले किंवा मारायला घेतले ते काढून बघा. लेवीयमधला एक पोरगा सोडला तर पुढे नाबोथ, येशू आणि स्तेफन. तिघंही निर्दोष, असं खुद्द शास्त्रच सांगतं. आणि देव स्वतः ज्यांना म्हणतो की तुमच्यामुळे माझं नाव खराब झालं, ते जवळजवळ कायम घरचेच लोक असतात, रोज प्रार्थना करणारे.

तो लेवीयमधला पोरगा म्हणजे इस्राएली आईचा आणि मिसरी बापाचा मुलगा. आईचं नाव दिलंय, दान वंशातली शलोमीथ, त्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही. छावणीत एका इस्राएली माणसाशी त्याची मारामारी होते आणि त्या रागात तो देवाचं नाम घेऊन शिवी घालतो. आता बघा, लोक लगेच दगड उचलत नाहीत. त्याला अटकेत ठेवतात, देवाला काय हवंय ते कळेपर्यंत थांबतात. मग ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे, म्हणजे साक्ष देणाऱ्याने जबाबदारी अंगावर घ्यायची, मागे लपून बोट दाखवायचं नाही. आणि त्याच अध्यायात पुढे जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, आणि परक्याला व घरच्याला एकच कायदा, हे सगळं येतं. शिक्षा भयंकरच आहे, ती गुळगुळीत करून सांगायची मला गरज वाटत नाही. पण १६ वं वचन तेवढं कापून फॉरवर्ड करणाऱ्याला हा बाकीचा भाग अडचणीचा जातो.

आता नाबोथ. ही गोष्ट तर मराठी माणसाला चटकन कळायला हवी कारण ती शुद्ध जमिनीची भानगड आहे. इज्रेलमध्ये अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीपाला लावायचाय. बदल्यात दुसरा चांगला मळा देतो म्हणतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा घरी येऊन पलंगावर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही (राजा आहे हा, लक्षात घ्या). मग ईजबेल राणी सूत्रं हातात घेते. राजाच्या नावाने पत्रं, त्यावर राजाचा शिक्का, गावातल्या वडीलधाऱ्यांना हुकूम की उपास जाहीर करा, नाबोथाला पुढे बसवा, समोर दोन हलकट माणसं बसवा आणि त्यांनी म्हणायचं, याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. दोन का, तर मोशेच्या नियमाप्रमाणे देहदंडाला एका साक्षीवर भागत नाही. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख! उपास आहे, सभा आहे, पंच आहेत, साक्षीदार आहेत, नियम पाळलाय. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो. तिथे एलीया संदेष्टा उभा. खून केलास आणि वर वतनही बळकावलंस?

'देवाला आणि राजाला' हे जोडूनच येतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या सभेत देवाची काळजी खरं तर कुणालाच नव्हती, देवाचं नाव लागलं की जमाव आयता मिळतो एवढं राणीला पक्कं माहीत होतं. आणि ज्यांना उपास जाहीर करायला सांगितला त्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की बाई, हे नक्की काय चाललंय. मला ईजबेलपेक्षा त्या गप्प बसलेल्या पंचांचा जास्त राग येतो.

येशूच्या खटल्याबद्दल मार्कच्या शुभवर्तमानात आहे की साक्षींचा मेळच बसत नव्हता. शेवटी प्रमुख याजक थेट विचारतो, तू ख्रिस्त आहेस का, येशू म्हणतो, आहे, आणि याजक कपडे फाडतो, आता साक्षीदार हवेत कशाला. रोमी सुभेदार पिलाताकडे गेल्यावर मात्र लूकच्या शुभवर्तमानात आरोपच बदललेला, हा लोकांना भडकवतो, कैसराला (रोमी सम्राटाला) कर द्यायला मनाई करतो. परत तेच, देव आणि राजा.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, नाहीतर आपले काही लोक लगेच ज्यूंवर घसरतात. ज्यू धर्मशास्त्राने हा गुन्हा सिद्ध करणं मुद्दाम अवघड करून ठेवलं होतं. मिश्ना (ज्यू गुरूंच्या धर्मनियमांचा संग्रह, साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेला, म्हणजे येशूच्या नंतरचा) सांगते की देवाचं ते खास नाम स्पष्ट उच्चारलं तरच माणूस दोषी. खटला चालू असताना साक्षीदारांनी नामाच्या जागी दुसरंच नाव वापरून बोलायचं. अगदी शेवटी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मुख्य साक्षीदाराने एकदाच, जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं. ते ऐकताना न्यायाधीश उभे राहतात, कपडे फाडतात आणि ते परत शिवत नाहीत. दुसरा साक्षीदार फक्त म्हणतो, मीही तेच ऐकलं. किती दुःखाने हा खटला चालवायचाय ते बघा. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी काय केलं? १२४० मध्ये पॅरिसमध्ये तल्मूदवरच (मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा असलेला ज्यूंचा ग्रंथ) खटला भरला, त्यात येशूची आणि मरियेची निंदा आहे म्हणून, आणि दोनेक वर्षांत गाड्या भरभरून हस्तलिखितं जाळली. ज्या प्रभूला याच आरोपाखाली दोषी ठरवलं त्याच्याच लोकांनी. येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ साल उजाडावं लागलं. प्रोटेस्टंटांनी पण हसू नये, १६९७ मध्ये एडिंबरात थॉमस एकनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला देवनिंदेसाठी फाशी दिली, साक्षीदार कोण तर बरोबरचीच पोरं.

येशूच्या पहिल्या अनुयायांपैकी एक असलेल्या स्तेफनाचं पण तसंच, बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की माणसं फितवून उभी केली, हा मोशेविरुद्ध आणि देवाविरुद्ध बोलला म्हणायला. दगड मारणाऱ्यांनी आपले कपडे शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवले. हाच पुढे पौल झाला, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्वतःबद्दल काय म्हणतो? मी पूर्वी निंदक होतो, छळ करणारा होतो. अहो, त्याने देवाला कधी शिवी दिली होती? तो तर देवाच्या इज्जतीसाठी लोकांच्या घरात घुसून त्यांना ओढून तुरुंगात टाकत होता! तोच त्याचा काळ, ज्याला तो मागे वळून बघताना देवनिंदेचा काळ म्हणतो. हे वचन मी कधी त्या ग्रुपांवर फिरताना बघितलं नाही.

पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाला क्षमा नाही, यावर फार लिहीत नाही, संडेस्कूलच्या वयात ते ऐकून रात्र रात्र झोप न लागलेली पोरं मला माहिती आहेत. मार्क ३ मध्ये ते कुणाला उद्देशून आहे तेवढं वाचा. यरुशलेमहून आलेले शास्त्री, येशूच्या अंगात बालजबूल (भुतांचा सरदार) आहे म्हणणारे. चांगलं झालेलं डोळ्यांनी बघून त्याला सैतानाचं काम म्हणणारे धर्मपंडित. घाबरलेलं लेकरू नाही.

आणि देवाचं नाव खरंच कशाने खराब होतं? नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो, तू उरीयाची बायको बथशेबा घेतलीस आणि उरीयाला मारवलंस, त्याने परमेश्वराच्या शत्रूंना निंदा करायला कारण मिळालं. पौल रोमकरांना यशयाचा हवाला देऊन लिहितो, तुमच्यामुळे परराष्ट्रीयांत देवाच्या नावाची निंदा होते, आणि त्याआधी यादी काय तर चोरी करू नको सांगतोस आणि स्वतः चोरी करतोस? तल्मूदमध्ये तर राव नावाचा मोठा गुरू विचारलं तेव्हा म्हणतो, माझ्यासारख्याने खाटकाकडून मटण घेतलं आणि लगेच पैसे दिले नाहीत, तर तेवढ्यानेही नामाचा अवमान होतो. मटणाची उधारी! आपल्या चर्चच्या जमिनींच्या कोर्टकेसेस आठवा आणि हे परत वाचा.

मग बाहेरच्याने काहीही बोलावं का, वाईट वाटत नाही का? मलाही वाटतं, दगड नाही मी. पण बाहेरच्याने केलेल्या खऱ्याखुऱ्या निंदेचं उदाहरण शास्त्रात आहे. इ.स.पूर्व ७०१, अश्शूरचा राजा सन्हेरीब, त्याचा सरदार यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून लोकांच्या भाषेत ओरडतोय की तुमचा देव तुम्हाला काय वाचवणार, बाकीच्या देवांनी कुठे वाचवलं? हिज्कीया राजाचा हुकूम होता, त्याला उत्तर देऊ नका. तटावरचे लोक गप्प राहिले. पुढे धमकीचं पत्र आलं ते राजाने मंदिरात नेऊन देवासमोर पसरलं. झालं. पत्र पण देवाचं, अपमान पण देवाचा, तो बघून घेईल.

आणि प्रेषितांच्या कृत्यांतली इफिस शहराची गोष्ट तर माझं फेव्हरेट. तिथे उलटं आहे, आरोपी आपण. देमेत्रिय नावाचा सोनार, तिथल्या अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे करून विकणारा, पौलामुळे धंदा बसतोय म्हणून कारागिरांना जमवतो, आधी धंद्याचं बोलतो आणि मग देवीच्या थोरवीचं. अख्खं शहर नाट्यगृहात, दोन तास नुसतं इफिसकरांची अर्तमी थोर, आणि लूक शांतपणे लिहितो की बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच माहीत नव्हतं. मग शहराचा शिरस्तेदार उभा राहतो, देवीचाच भक्त, आणि म्हणतो, या माणसांनी देऊळ लुटलं नाही, आपल्या देवीची निंदा केली नाही, देमेत्रियाची कुणाविरुद्ध तक्रार असेल तर कोर्टं चालू आहेत, तिकडे जा, उगाच दंगलीचा ठपका आपल्यावर येईल. आणि सभा बरखास्त करतो.