धरण किती टक्के भरलं ते ठीक, पायथ्याला पाणी कसलं येतंय?

पाऊस लागला की सगळे टक्केवारी बघतात. मातीच्या धरणाची तब्येत मात्र मागच्या पायथ्याशी कळते. तिथे व्ही-नॉच असते, पाझर मोजायची त्रिकोणी खाच. ९० अंशांच्या खाचेत १० सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ लिटर, १५ सेंमी म्हणजे १२. पट्टीवर पाचच सेंमी वाढले, पण पाझर पावणेतीन पट झाला! धरण भरताना पाझर वाढणारच. पातळी तीच, पाऊस उघडलेला, तरी आकडा चढतोय, तर मात्र गडबड आहे.

आकड्याहून रंग महत्त्वाचा. मातकट पाणी आलं म्हणजे धरणाच्या पोटातली माती निघाली. काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा, तळाला गाळ दिसेल. कित्येक लहान तलावांवर खाच गवतात बुजलेली असते, पाणी शेजारून जातं आणि नोंदवहीत रोज तोच आकडा.

गळती दिसली की मागून काळी माती थापायची, हा तर ठरलेला घोळ. वाट बंद झाली की आत दाब वाढतो, उतार फुगतो आणि घसरतो. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. त्यासाठी उलटा गाळणथर: आधी भरड वाळू, त्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड. जमिनीतून उकळ्या फुटत असतील तर भोवती वाळूच्या गोण्यांचं कडं करा. आत पाणी चढलं की उकळी मंदावते. ती पुरती बंद करायला गेलात तर शेजारी दुसरी फुटेल. सोबत जलाशय उतरवा, पण एकदम नको. पातळी झपाट्याने खाली गेली की पाण्याकडचा ओला भराव ढासळतो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांनी धरण फोडलं असं मंत्री म्हणाले आणि त्यावरून सगळे हसले. बिळं हा थट्टेचा विषय नाही, भरावात घुशीचं बीळही धोक्याचंच. पण गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, ते त्या हसण्यात बुडालं.

दुसरी नाजूक जागा विमोचकाची, म्हणजे भरावातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेची. काँक्रीट आणि माती जिथे भेटतात तिथे दबाई नीट होत नाही, पाणी तीच फट शोधतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं तेव्हाही घोळ विमोचकापाशीच होता: काम अपुरं, दारं पुरती बसलेली नाहीत आणि तरी पाणी साठलेलं.

लहान धरणांच्या सांडव्याला दारं नसतात, तेव्हा सांडवा मोकळा ठेवणं हेच पूरनियंत्रण. दोन फूट जादा पाण्यासाठी सांडव्यावर गोण्या रचतात, मासेमारीची जाळी बांधतात. ते दोन फूट फ्रीबोर्डातून, म्हणजे पाण्याची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यात राखलेल्या मोकळ्या उंचीतून जातात. दगडी धरण माथ्यावरून पाणी गेलं तरी काही काळ तग धरेल, मातीचं तासाभरात कापलं जाऊ शकतं. गोण्या, जाळी आणि पुच्छ कालव्यातली (सांडव्याचं पाणी पुढे नेणाऱ्या चरातली) बाभळीची झुडपं मे महिन्यातच काढा. जुलैत तिथे जेसीबी उतरत नाही.