मॅन्युअलचं भाषांतर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखावर ‘एक नेटवर्क इंजिनिअर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं लिहितो. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: लेख ऑफिसातल्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, प्रोसेसर कार्डाबद्दल होता. उदाहरणाला पॅनासॉनिकचं केएक्स-टीडीए १०० घेतलं होतं, कारण आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे ते अजून पुष्कळ भिंतींवर दिसतं. त्याच्या एमपीआर कार्डावर, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या कार्डावर, काय काय असतं आणि ते कशाला असतं, एवढाच विषय.

प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं उचललं:

“लेख म्हणजे मॅन्युअलचं मराठी भाषांतर आहे. एका सरकत्या स्विचवर चार परिच्छेद लिहिणाऱ्याने हे कार्ड कधी हातात घेतलं असेल असं वाटत नाही. यूएसबीवर बॅकअप घ्या म्हणता, त्या पोर्टात पेनड्राइव्ह बसतो का ते तरी बघितलं का? मूळ प्रश्न टाळलाय: सगळं एकाच प्रोसेसरवर, स्टँडबाय नाही, ते कार्ड गेलं की अख्खं ऑफिस मुकं. सुटे भाग जुन्या बाजारातून शोधायचे. क्लाउडच्या जमान्यात असल्या यंत्रांचं कौतुक करून तुम्ही लहान उद्योजकांचं नुकसान करताय. विषय चांगला होता, फुकट घालवलात.”

शेवटचं वाक्य वाचून प्रगतिपुस्तकावरचा शेरा आठवला. असो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. यूएसबी. ते पोर्ट चौकोनी असतं, प्रिंटरच्या पाठीमागे असतं तसलं. पेनड्राइव्ह त्यात बसत नाही. ते लॅपटॉपला केबल जोडण्यासाठी आहे. लॅपटॉपवर मेंटेनन्स कन्सोल, म्हणजे यंत्राची आखणी करायचा प्रोग्रॅम, उघडायचा आणि डेटा तिकडे उतरवून घ्यायचा. मला म्हणायचं होतं तेच, पण ‘यूएसबीवर बॅकअप घ्या’ असं घाईत लिहून गेलो. चूक माझी. आभार.

आता भाषांतराचं.

तुम्ही ‘लेख कोरडा झालाय’ म्हणाला असता तर मी मान डोलावली असती. घरीही हेच म्हणतात. ‘स्विचबद्दल जास्त लिहिलंय’ म्हणाला असता तरी चाललं असतं. पण ‘कधी हातात घेतलं असेल असं वाटत नाही’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मी माझ्या नावाने लिहितो. तुमचं नाव ‘एक’ आहे.

१९८९ साली आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा कागद घेऊन मी उद्यमनगरात एका दुकानात लागलो. पहिले तीन महिने उस्तादांनी माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला नाही, ब्रश दिला. शिरोलीच्या फाउंड्र्यांमधली यंत्रं उघडायची आणि नुसती धूळ झाडायची. फाउंड्रीची धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. काळी, जड, बोटाला चिकटते आणि तिच्यात लोखंडाचे कण असतात. पावसाळ्यात तिला ओल लागली की कार्डावरच्या दोन पायांमध्ये ती आपला रस्ता तयार करते. मग कुठला तरी एक्स्टेंशन, म्हणजे ऑफिसातला आतला फोन, आपोआप वाजायला लागतो आणि मालक म्हणतो, भूत आहे. ते भूत मी रंगकाम करायच्या एक इंची ब्रशने झाडलेलं आहे. कार्ड बाहेर काढताना दोन्ही कडांनी धरायचं, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही आणि काढण्याआधी यंत्राच्या अर्थिंगच्या स्क्रूला हात टेकवायचा, हे शिकायला मॅन्युअल लागलं नाही. डोक्यात टपली लागली.

स्विचवर चार परिच्छेद का, त्याचं कारण १९९८ च्या मे महिन्यात आहे. लेखात ते लिहिलं नव्हतं, कारण त्यात माझीच शोभा होते. आता लिहितो.

हायवेवरचं एक लॉज. बावीस खोल्या, खाली मंगल कार्यालय, लग्नसराई तेजीत. यंत्र टीडीए नव्हतं, ते तेव्हा आलंच नव्हतं; दुसऱ्याच कंपनीचं छोटं यंत्र होतं, नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नाही. त्याच्या सीपीयू कार्डावर तीन पिनांचा एक जंपर होता. दोन पिनांवर टोपी घातली की नेहमीचं काम. टोपी सरकवून पुढच्या दोन पिनांवर घातली की यंत्र सुरू होताना सगळी आखणी पुसून कारखान्यातून निघालं तसं होतं. नवं प्रोग्रॅमिंग करायचं होतं म्हणून मी टोपी सरकवली, यंत्र बंद-चालू केलं, डेटा पुसला, मग दुपारभर बसून बावीस खोल्यांचे नंबर, रिसेप्शनचा ९, एसटीडीचं म्हणजे परगावच्या फोनचं लॉक, सगळं भरलं. चहा आला. मालकांना दाखवलं. झाकण लावलं, चार स्क्रू आवळले आणि घरी गेलो. टोपी राहिली तिथेच.

चार दिवस काही झालं नाही. कसं होणार? यंत्र बंदच झालं नव्हतं. पाचव्या रात्री लाइट गेली, यूपीएसने होतं तेवढं ओढलं आणि जीव सोडला. पहाटे लाइट आली, यंत्र इमानदारीत उठलं, जंपर बघितला आणि सगळं पुसलं. खोली १०४ मधून रिसेप्शनसाठी ९ दाबला की बाहेरची लाइन. सगळ्या खोल्यांना एसटीडी उघडी. वऱ्हाड मुंबईचं होतं. रात्री दर कमी म्हणून लोक तेव्हा रात्री-पहाटेच फोन करायचे. ज्याला कळलं त्याने दुसऱ्याला सांगितलं. मालकांनी माझ्या बिलातून तीन हजार दोनशे रुपये कापले आणि वर जेवण वाढलं. ते जेवण जास्त लागलं.

त्या दिवसापासून झाकण लावायच्या आधी मी जंपरवर बोट ठेवून मोठ्याने बोलतो, ‘नॉर्मल.’ माझी पोरं, म्हणजे हाताखालची, हसतात. हसू देत.

टीडीएच्या एमपीआरवर जंपर नाही, सरकता स्विच आहे. एकीकडे ‘नॉर्मल’, दुसरीकडे ‘सिस्टिम इनिशियलाइज’. जवळच रिसेटचं बटण. स्विच नॉर्मलवर असताना रिसेट दाबलं तर यंत्र फक्त पुन्हा सुरू होतं, डेटा जागेवर राहतो. स्विच दुसरीकडे नेऊन सुरू केलं आणि रनचा दिवा लुकलुकत असतानाच परत नॉर्मलवर आणलं, की सगळं कोरं. म्हणजे पुसण्यासाठी माणसाला समोर उभं राहून दोनदा हात हलवावा लागतो. जंपरवर हात पोळलेल्या माणसाला त्या लुकलुकत्या दिव्याचं मोल कळतं. मॅन्युअलात हे मोजक्या ओळींत आहे, खरंय. त्या ओळींसाठी मी तीन हजार दोनशे मोजलेत, म्हणून चार परिच्छेद. पाच लिहायला हवे होते.

आणि भाषांतरच म्हणत असाल तर आणखी एक ऐका. इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे पीआरआय, म्हणजे टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन आली. २.०४८ मेगाबिटची एक जोडणी, तिच्यावर ३० संभाषणं, प्रत्येकाला ६४ किलोबिट. बोलणं एकदम स्वच्छ. पण फॅक्स अर्ध्यावर तुटायचा. त्यांनी फॅक्स मशीन बदललं, कागदाचा रोल बदलला, शेवटी ऑपरेटर बदलायला निघाले. मी गेलो तेव्हा यंत्र स्वतःच्या घड्याळावर चाललं होतं, एक्स्चेंजच्या घड्याळावर नाही. दोन घड्याळांत जरासा फरक असला की मधूनच बिटांचा एक घास गळतो किंवा दोनदा येतो. कानाला तो ऐकू येत नाही, आला तर ‘टक’ एवढाच. फॅक्सला मात्र तो पुरतो. प्रोग्रॅममध्ये घड्याळ पीआरआय कार्डाकडून घ्यायला सांगितलं, संध्याकाळी सुताच्या दरांची अकरा पानं एका दमात गेली. हे मी मॅन्युअलच्या कुठल्या पानाचं भाषांतर केलं तेवढं सांगा, बाकीची पानंही वाचून काढतो.

कार्डावरच्या इतर गोष्टींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणजे त्या पटल्या असं धरतो. एसडी कार्डात यंत्राचा प्रोग्रॅम आणि डेटा असतो, चालू यंत्रातून ते ओढायचं नाही. लिथियमची बॅटरी मेमरी आणि घड्याळ जिवंत ठेवते. तिला कोणी विचारत नाही, मरते तेव्हा बिलांवर भलतीच तारीख येऊ लागते. जुन्या सिरियल पोर्टातून कॉलचा हिशोब निघतो, अजून एका ठिकाणी डॉट मॅट्रिक्सवर कर्रकर्र छापला जातो. होल्डवरच्या संगीताचं सॉकेट आहे, त्यात एका गिऱ्हाईकाने रेडिओ लावला होता आणि वसुलीसाठी फोन करणाऱ्या बँकेला तो शेती कार्यक्रम ऐकवायचा. मुद्दाम, असं माझं मत.

आता एका प्रोसेसरचं. कार्ड गेलं की ऑफिस मुकं, हो, एकच आहे. दोन प्रोसेसर, एक कामाला आणि एक तयारीत, ही चैन मोठ्या एक्स्चेंजला शोभते. सी-डॉट, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज बनवणारं सरकारी संशोधन केंद्र, १९८४ साली निघालं, १९८६ ला त्यांचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज किट्टूरला सुरू झालं, आमच्याकडून गेलं तर बेळगावच्या पुढे. तिथे एका यंत्रावर अख्खं गाव बोलत होतं. इथे अठरा एक्स्टेंशनची फाउंड्री आहे, त्यातले चार फोन वर्षानुवर्षं कोणी उचललेले नाहीत. शिवाय वीज गेली की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पडतो आणि ठरावीक ट्रंक लाइन, म्हणजे बाहेरून येणारी लाइन, थेट ठरावीक साध्या फोनला जोडली जाते, तेवढी सोय यंत्रात आहे. पीआरआयवर ती चालत नाही, पण तो वेगळा विषय.

सुटे भाग जुन्या बाजारातून आणावे लागतात. आणतो. ट्रकचेही आणतात.

क्लाउडबद्दल, म्हणजे ऑफिसात यंत्र न ठेवता इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनबद्दल, मी लेखात वाईट एक शब्द लिहिलेला नाही, पुन्हा वाचा. ज्याच्याकडे दोन इंटरनेट लाइनी आणि महिन्याचं भाडं द्यायची तयारी आहे त्याने खुशाल जावं. ज्याला मधला रस्ता हवा त्याच्यासाठी जुनं एमपीआर काढून त्याच जागी आयपीचं, म्हणजे इंटरनेटसारख्या नेटवर्कवरून फोन चालवणारं, कार्ड बसवायची सोय होती, केएक्स-टीडीई ०१०१, डबा आणि बाकीची कार्डं तीच. हे मी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल. ‘लहान उद्योजकांचं नुकसान’ हे मात्र फार झालं. मी कोणाला यंत्र विकत नाही, आहे ते चालू ठेवतो. तुमची क्लाउडवाल्यांची एजन्सी आहे का? हे वाक्य खोडणार होतो, पण तुम्ही तुमचं खोडलं नाहीत, मग मी तरी का.

रागाने लिहिलं नाही. थोडं रागाने लिहिलं. सकाळी सहा वाजता प्रतिक्रिया वाचली आणि चहा गार झाला.

मूळ लेखातलं यूएसबीचं वाक्य दुरुस्त केलं आहे आणि ‘एका वाचकाने लक्षात आणून दिल्यावरून’ असं खाली टाकलं आहे. नाव टाकलं असतं. तुम्ही दिलं नाहीत.