'संकर प्रयोग' म्हटल्यावर पुढं काय? गडहिंग्लजच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा अर्धी पटली. बी.ए. झालेल्यांनी सैद्धांतिक भाषाविज्ञानाच्या एम.ए.चा विचार करावा, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंचवीस वर्षं भाषाविज्ञानाचा पेपर शिकवला, स्वनिम-रूपिमाच्या (म्हणजे भाषेतले ध्वनी आणि शब्दांचे तुकडे यांच्या) पुढं पोरांच्या हाती काही लागत नाही, झाडासारख्या आकृत्या काढून कुणाचं पोट भरलेलं नाही, तुमच्या भाचीला मी उगाच नादी लावलं, हे सगळं परक्यांचं खूळ आहे, आणि कोल्हापूरच्या बोलीला प्रयोगशाळेतला बेडूक करू नका.

पोटाचं आधी घेते, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. नोकरीचा मुद्दा मी एका ओळीत उरकला, ते चुकलंच. भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग देशात मोजके, त्यामुळं प्राध्यापकाच्या जागाही मोजक्या. नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) हा स्वतंत्र विषय आहे आणि जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, पण ती मिळेलच असं धरून घरचा हिशोब मांडू नये. भाषा-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत कामं असतात. तिथं प्रोग्रॅमिंग येत नसेल तर फार पुढं सरकता येत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात खर्चापुरते पैसे मिळतात, पण आयुष्याची पाच-सहा वर्षं जातात. डोक्यावर कर्ज असेल तर आधी बी.एड., हा तुमचा सल्ला मी खोडणार नाही.

आता स्वनिम-रूपिमाच्या पुढचं. प्रयोग शिकवताना 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य तुम्ही फळ्यावर लिहिलं असणार आणि त्याला 'कर्तृ-कर्म संकर' म्हणालाही असणार. 'ली' आली पोळीमुळं, शेवटचा 'स' आला 'तू'मुळं. नाव अगदी चोख आहे. माझी तक्रार एवढीच की आपण नाव देतो आणि पुढच्या प्रयोगाकडं वळतो. 'त्याने पोळी खाल्ली' यात कर्त्याला 'ने' लागतो, मग 'मी' आणि 'तू' यांना का लागत नाही? शेजारची हिंदी तर 'मैंने', 'तूने' बिनदिक्कत म्हणते. तुम्ही म्हणाल, जुन्या मराठीत 'म्यां', 'त्वां' होतं, ते झिजलं. झिजलं, मान्य. पण रूप गेलं तरी क्रियापद अजून पोळीचंच ऐकतं. बोलणारा बाप्या असो की बाई, 'मी पोळी खाल्ली'च. आणि ऑस्ट्रेलियातल्या डिरबल भाषेतही 'मी-तू' एकीकडं आणि नामं दुसरीकडं अशी फाळणी आहे. तिचं आणि मराठीचं नातं ना रक्ताचं ना शेजाराचं. तिथं 'म्यां'च्या झिजण्याचं कारण कसं पुरणार?

आमचा विषय इथून सुरू होतो. झाडाची आकृती हे त्यातलं अवजार. 'पोळी' क्रियापदाच्या किती जवळ, 'तू' किती वर, 'स' कुठून येऊन चिकटला, हे मांडायचं. त्या मांडणीप्रमाणं जी वाक्यं व्हायला हवीत ती मराठी माणूस खरंच बोलतो का, हे तपासायचं. बोलत नसेल तर आकृती खोडायची. दोन वर्षांत मी ज्या आकृत्या काढल्या त्यातल्या बहुतेक खोडल्या. (या आकृत्यांचं भाषाविज्ञान ज्यानं रुजवलं त्या अमेरिकन चॉम्स्कीचं गाजलेलं पहिलं पुस्तक १९५७ चं. माझ्या बी.ए.च्या पेपरात तो शेवटच्या घटकात दीड पानात होता आणि आम्ही सगळे त्याला ऑप्शनला टाकायचो.)

राहिला बेडूक. आई कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटातून आली की दारातूनच म्हणते, "आलो गं मी." मीही तशीच बोलायची. शाळेत या 'आलो'खाली बाईंनी लाल रेघ ओढली होती. पुण्यात होस्टेलवर "मी जेवून आलो" म्हटलं तर मुली हसल्या, मग वर्षभर मी तोंडात 'आले' घोळवत बसले. एम.ए.च्या वर्गात एकदा जीभ घसरली. सरांनी विचारलं, "मैत्रिणीबद्दल बोलताना काय म्हणता? 'ती आला'?" मी म्हटलं, छे, 'ती आली'च. त्यांनी दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि शेजारी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. लिंगभेद पुसला गेला तो 'मी'पुरता. पुन्हा तोच 'मी', जो 'ने' घ्यायला तयार नाही! दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे की नुसता योगायोग, यावर एक चांगला प्रबंध होईल. तो लिहायला 'आलो' म्हणत वाढलेली पोरगी लागेल. म्हणून तुमच्या भाचीला सुचवलं.

आणि हे परक्यांचं खूळ आहे म्हणता, तर आपल्या मराठी भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. केली ती मराठीच्याच ध्वनींवर आणि रूपांवर.

एक विनंती. गडहिंग्लजच्या पुढं, कानडी मुलखाच्या कडेला तुमचं जाणं-येणं असतं. तिकडं कुणी 'मी भाकरी खाल्लो' असं, म्हणजे क्रियापदाला भाकरीऐवजी 'मी'चं ऐकायला लावून, म्हणतं का, कान देऊन बघाल? विचारू मात्र नका. विचारलं की माणसं शाळेतलं बोलतात.