‘आपलीच हवा आड येते’ म्हणून दुर्बिणी मोडीत काढायच्या?

सध्या फिरणारा मजकूर थोडक्यात असा आहे: ‘जेम्स वेब दुर्बीण अवकाशात गेल्यापासून जमिनीवरच्या महाकाय दुर्बिणी म्हणजे पांढरे हत्ती झाले आहेत. आपल्याच हवेत प्राणवायू आणि बाष्प आहे, मग तिच्यातून बघून दुसऱ्या ग्रहावरचा प्राणवायू ओळखणार कसा? शिवाय तारे लुकलुकतात, चित्र फिसकटतं. पृथ्वीसारख्या ग्रहांची वातावरणं वेब शोधतेच आहे, जमिनीवरून आजवर एकही सापडलेलं नाही. तरीही चिली आणि हवाईत पैसा ओतणं चालू आहे, त्यात आपल्याही देशाचा.’

यातलं एक वाक्य खरं आहे. ते कुठलं, ते पुढे येईलच. बाकीच्यांचा समाचार घेऊ.

‘आपल्याच हवेत प्राणवायू आहे.’ हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो आणि तो नवाही नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूर्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, काळ्या रेषांना अक्षरं दिली. त्यातली ‘ए’ ही रेषा सूर्याची नाहीच, ती आपल्या हवेतल्या प्राणवायूची आहे. गडद लाल रंगात, ७६० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे हवा मध्ये येते हे खगोलशास्त्रज्ञांना फॉरवर्ड वाचून कळलेलं नाही.

आता ही ‘रेषा’ बारकाईने पाहिली तर ती एक रेषा नसून फणीच्या दातांसारख्या कितीतरी बारीक रेषांची रांग आहे. दुसऱ्या ग्रहावर प्राणवायू असेल तर त्याचीही हुबेहूब अशीच फणी दिसणार. दोन सारख्या फण्या तंतोतंत एकावर एक ठेवल्या तर एकच दिसते, हे खरं. पण त्यातली एक किंचित सरकवली की दोन्हींचे दात वेगळे मोजता येतात. आकाशात ही सरकवासरकव डॉप्लर परिणाम करून देतो: वस्तू जवळ येत असेल तर तिच्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असेल तर लालकडे. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा आपला सर्वांत जवळचा तारा, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. तो सेकंदाला सुमारे २२ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतो आहे. त्याचा ग्रह प्रॉक्झिमा बी ११.२ दिवसांत फेरी पुरी करतो, म्हणजे सेकंदाला पन्नासेक किलोमीटर वेगाने धावतो. कक्षेच्या कलानुसार त्यातला काही वेग आपल्या दिशेने, काही दूर. वर पृथ्वीचा स्वतःचा सेकंदाला ३० किलोमीटरचा वेग आहेच. आपल्या हवेची फणी मात्र जागची हलत नाही. रात्रीमागून रात्री जी फणी ग्रहाच्या तालावर सरकते ती ग्रहाची, आणि जी ढिम्म बसून राहते ती आपली.

हे बघायला वर्णपट अतिशय बारीक चिरता यावा लागतो. चिलीतल्या मोठ्या वर्णपटमापकांची विभेदनक्षमता एक लाखाच्या घरात आहे, म्हणजे सेकंदाला तीनेक किलोमीटरचा फरक त्यांना कळतो. वेबवरच्या उपकरणांची ही क्षमता फार तर तीन हजारांच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या आतला फरक तिथे लोपतो आणि फणीचे दात मिसळून एक धूसर पट्टा उरतो. मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं अवकाशातली दुर्बीण प्रत्येक बाबतीत तीक्ष्ण. इथे नेमकं उलटं आहे.

हे नुसतं कागदावरचं गणितही नाही. २०१० साली इग्नास स्नेलेन आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या आठ मीटर आरशाच्या व्हीएलटी दुर्बिणीवरून एचडी २०९४५८ बी या तप्त, गुरूएवढ्या ग्रहावरचा कार्बन मोनॉक्साइड याच युक्तीने टिपला. दोन वर्षांनी टाऊ बूटिस बी या ग्रहाचा नंबर लागला. तो तर कधी ताऱ्यासमोरून जातही नाही, तरी त्याच्या रेषा सरकताना दिसल्या आणि त्यावरून कक्षेचा कल व ग्रहाचं वस्तुमानही हाती आलं.

आणखी एक गंमत. १६ ऑगस्ट २००८ च्या खंडग्रास चंद्रग्रहणात ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींनी चंद्राच्या ग्रासलेल्या भागाचा वर्णपट घेतला. ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेच्या हवेतून गाळून आलेला सूर्यप्रकाश त्याच्यावर पडतो. म्हणजे लांबून कोणी पृथ्वीचं अधिक्रमण, म्हणजे तिचं सूर्यासमोरून जाणं, पाहिलं तर जे दिसेल, तेच चंद्रावरून परतून आलं. त्यात पृथ्वीचा प्राणवायू स्पष्ट दिसला. तो प्रकाश आपल्या हवेतून दुसऱ्यांदा गाळून खाली पोचला होता, तरीही. इथे डॉप्लरची मदत नव्हती. ग्रासलेल्या आणि कमी ग्रासलेल्या भागांची तुलना करून मधली हवा वजा केली होती.

आता आक्षेपात तथ्य कुठे आहे तेही सांगतो. काही रेषांच्या गाभ्यात आपली हवा इतकी काळी असते की तिथून काहीच खाली येत नाही. वर्षातल्या काही दिवसांत पृथ्वीचा वेग ताऱ्याच्या वेगाला जवळजवळ खाऊन टाकतो आणि दोन्ही फण्या एकमेकींवर यायला लागतात. ते दिवस सोडावे लागतात. बाष्पाचा त्रास प्राणवायूपेक्षा जास्त, कारण ते रात्रीतल्या रात्रीत कमीजास्त होतं. म्हणून तर दुर्बिणी चिलीतल्या अटाकामा वाळवंटासारख्या कोरड्या, उंच जागी नेतात. (जूनमध्ये पुण्याहून आकाश बघायचा प्रयत्न केलेल्यांना हे पटवून द्यायला नको.) आणि अवरक्त प्रकाशातली, १५ मायक्रॉनवरची कार्बन डायऑक्साइडची खूण जमिनीवरून बघण्याचा विचारच सोडा. ते काम वेबचं.

‘तारे लुकलुकतात.’ लुकलुकतात. म्हणून सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवरचे सोडियमचे अणू लेसरने चमकवून खोटा तारा तयार करतात, तो किती थरथरतो ते मोजतात आणि लवचीक आरसा सेकंदाला शेकडो वेळा उलटा वाकवून थरथर काढून टाकतात. हे तंत्र दोन-तीन दशकं रोजच्या वापरात आहे. पुढे जाऊ.

‘वेब शोधतेच आहे.’ वेबची मुख्य पद्धत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून किंवा मागून जाताना प्रकाशात पडणारा फरक मोजायचा. २०१२ साली शुक्राचं अधिक्रमण आपण पाहिलं, तसंच. पण त्यासाठी ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत हवी. प्रॉक्झिमा बी अशा रेषेत असण्याची शक्यता शंभरात एक-दोन होती. शोध घेतला, अधिक्रमण मिळालं नाही. आपल्या सर्वांत जवळच्या, बहुधा खडकाळ असलेल्या या ग्रहापुढे अधिक्रमणाची पद्धत हतबल आहे. मग ग्रह आणि तारा वेगळे करून बघायचे तर दोघांमधलं अंतर आकाशात जेमतेम ३७ सहस्रांश विकला, म्हणजे एका अंशाचा सुमारे एक लक्षांश. वेबच्या साडेसहा मीटरच्या आरशाला अवरक्त प्रकाशात ते दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत. चिलीत सेरो आर्माझोनेस डोंगरावर उभ्या राहत असलेल्या ईएलटी या महादुर्बिणीचा आरसा ३९ मीटरचा आहे, ७९८ षटकोनी तुकड्यांचा. ७६० नॅनोमीटरवर त्याची नजर चार सहस्रांश विकलांपर्यंत पोचते. प्रकाश गोळा करण्याचं क्षेत्रफळ वेबच्या जवळजवळ चाळीसपट. ग्रहाचा प्रकाश ताऱ्याच्या साधारण एक कोटीव्या हिश्शाएवढा असेल, त्यामुळे हे क्षेत्रफळ चैन नव्हे.

आणि वेबने खडकाळ ग्रहांबद्दल काय सांगितलं? ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू (लहान, मंद) ताऱ्याच्या बी ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सियस निघाली. दाट हवेने उष्णता पलीकडे वाहून नेली असती तर एवढी तापली नसती. शेजारच्या सी ग्रहावरही शुक्रासारखं जाड आवरण दिसत नाही. ५५ कँक्री ई या वितळलेल्या खडकाच्या ग्रहाभोवती काही वायू असावेत असा चांगला पुरावा २०२४ मध्ये आला. पण ते शेवटचं मानलं गेलेलं नाही. बाकी बहुतेक ठिकाणी सपाट रेषा, म्हणजे कुठल्याच वायूची खूण नाही, किंवा ताऱ्याच्या डागांचा घोळ. लाल बटू ताऱ्यांवरचे डाग अवकाशातल्या दुर्बिणीलाही तेवढेच फसवतात, तिथे हवेचा दोष नसतो. जाता जाता, ट्रॅपिस्ट-१ भोवतीचे पहिले ग्रह ज्या दुर्बिणीने हेरले तिचा आरसा ६० सेंटिमीटरचा होता आणि ती चिलीतच, जमिनीवर उभी आहे.

जीजे ११३२ बी या ग्रहाची कथा या पोस्टकर्त्याने वाचायलाच हवी. २०१७ मध्ये जमिनीवरच्या २.२ मीटर दुर्बिणीतून त्याच्यावर वातावरण असल्याचा दावा झाला. २०१८ मध्ये साडेसहा मीटरच्या मॅगेलन दुर्बिणीने, तीही जमिनीवरच, हलक्या वायूंचं स्वच्छ वातावरण तिथे नाही असं दाखवलं. २०२१ मध्ये अवकाशातल्या हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हायड्रोजन सायनाइडचा दावा गाजला. त्याच आकड्यांवर इतर दोन गटांनी पुन्हा काम केलं आणि त्यांना सपाट रेषा मिळाली. मग वेबने दोन अधिक्रमणं पाहिली: एकात खुणा, दुसऱ्यात काही नाही. पुढे त्याची उष्णता मोजली तर ती उघड्या खडकाशी जुळली. यात चूक जमिनीवरून झाली आणि अवकाशातूनही. दुरुस्तीही दोन्हीकडून झाली.

‘जमिनीवरून आजवर एकही सापडलेलं नाही.’ हेच ते खरं वाक्य. खडकाळ ग्रहाचं वातावरण जमिनीवरून निर्विवाद सापडलेलं नाही, आतापर्यंत जे मिळालं ते ‘अमुक नाही’ या स्वरूपाचं. कारण आजचे मोठे आरसे आठ-दहा मीटरचे आहेत. व्हीएलटीवर खास उपकरणं जोडून प्रॉक्झिमा बीवरचा प्राणवायू शोधायचा तर साठेक रात्री लागतील, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला होता. अशा दुर्बिणीच्या साठ रात्री एका ग्रहासाठी मिळवणं किती अवघड, ते वेळेसाठी अर्ज करणाऱ्यांना विचारा. ईएलटी या दशकाच्या अखेरीस डोळे उघडेल अशी योजना आहे. जी दुर्बीण अजून उघडलेलीच नाही तिच्या नावावर अपयश कसं मांडायचं?

राहिला पैसा. वेबला सुमारे दहा अब्ज डॉलर लागले, ईएलटीला दीड अब्ज युरोच्या आसपास. वेबचं उपकरण जुनं झालं तर १५ लाख किलोमीटरवर जाऊन कोणी बदलणार नाही. व्हीएलटीवरच्या ज्या उपकरणाने २०१० मध्ये कार्बन मोनॉक्साइड टिपला, ते काढून, सुधारून पुन्हा बसवलं गेलं. भारताचा वाटा आहे तो हवाईतल्या मौना केआ डोंगरावर बांधायच्या तीस मीटरच्या टीएमटी दुर्बिणीमध्ये. त्याचे काही आरसे घासायचं काम बंगळूरजवळ होसकोटेला, आणि पुण्याची खगोलशास्त्र संस्था आयुका त्यात भागीदार. टीएमटीवर टीका करायला जागा भरपूर आहे. हा डोंगर हवाईच्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे आणि २०१९ मध्ये त्यांनी रस्ता अडवून काम थांबवलं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने पुढच्या टप्प्यासाठी टीएमटीऐवजी जायंट मॅगेलन या दुसऱ्या महादुर्बिणीची निवड केली. भारताने आणखी किती काळ आणि किती रक्कम त्यात अडकवावी, यावर संसदेत आणि विद्यापीठांत जरूर भांडावं. त्या भांडणात प्राणवायूचा मुद्दा मात्र आणू नये.